मनगटावरचं नाव

दवाखान्यात पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या राजनंदिनीनं लाकडी पट्टी ओठांजवळ नेली, तशी सोजरबाईंनी मान भिंतीकडे वळवली. भिंतीवर प्राण्यांच्या जिभांचा तक्ता होता. बेडकाची जीभ पुढून बांधलेली, सुतारपक्ष्याची कवटीला मागून वळसा घालून आलेली, गाईची थेट नाकपुडीत शिरलेली. सोजरबाईंची नजर गाईवर थांबली. तोंड मात्र मिटलेलंच.

“मावशी, प, ब, म, व म्हणायला ओठ पुरतात. द आणि त म्हणताना जीभ दातांना लागावी लागते. नवीन लावलेला भाग अजून मऊ आहे, तोवर शिकेल. एकदा ताठला की मग अवघड.”

कोपऱ्यातल्या स्टुलावर सोजरबाईंचे यजमान दत्तोबा टोपी मांडीवर घेऊन बसले होते. जिभेला हाड नसतं म्हणतात. हिच्या जिभेला वर धारही होती. मोजणीला आलेल्या बिल्डरच्या माणसांना तिनं वाघोलीच्या बांधावरून असं पिटाळलं होतं, की एकाची राहिलेली चप्पल न्यायला दुसऱ्या दिवशी दुसराच माणूस आला. मिशरीनं जिभेवर गाठ उठली, ऑपरेशन झालं, आणि दीड महिना झाला तरी ती बाई ब्र काढत नव्हती. बोलणी खाल्ल्याशिवाय दत्तोबांना जेवण गोड लागत नव्हतं, पण हे सांगणार कुणाला?

“घरी काहीच बोलत नाहीत का?” राजनंदिनीनं त्यांना विचारलं.

“न्हाई ओ ताई. नुसती मनगटाकडं बघत बसती.”

सोजरबाईंनी डावा हात पदराखाली ओढला. मनगटाच्या वरची कातडी काढून जिभेला लावली होती. तिच्या जागी मांडीची कातडी आली होती, गुळगुळीत आणि कोरी.

“तिथं काही होतं का?”

दत्तोबांनी टोपी उलटी केली, सुलटी केली.

“गोंदलेलं हुतं. लग्नाच्या साली, जेजुरीच्या जत्रंत. माझं नाव.”

बाकीचे दागिने लोक इथंच काढून घेतात, गोंदण तेवढं बाईच्या संगं वर येतं, असं सोजरबाई लेकींना सांगायच्या. ते कुठल्या बादलीत गेलं असेल, याचंच ती इतके दिवस दुःख करतेय, हे दत्तोबांना आत्ता उमगलं आणि स्वतःचाच राग आला. डॉक्टरांनी त्यांना आधी विचारलं होतं. गोंदलेलीच कातडी घ्यावी लागेल, अक्षरं तोंडात दिसतील, चालेल ना? त्यांनी सही केली होती. पण आपलं नाव बायकोच्या तोंडात बसवलंय, हे साठीच्या माणसानं तिला कसं सांगायचं? लाज वाटली, आणि राहूनच गेलं.

“टाकलं न्हाई त्यांनी,” ते फरशीकडे बघत म्हणाले. “हाय. तुझ्याच तोंडात हाय.”

राजनंदिनीनं छोटा आरसा पुढे केला. ऑपरेशन झाल्यापासून सोजरबाईंनी आरसा पाहिला नव्हता. आता त्यांनी आपण होऊन तोंड उघडलं. जिभेच्या डाव्या अंगाला फिकट कातडी, तिच्यावर हातावरची थोडी लव, आणि मध्ये हिरवट, आडवा झालेला द. शेजारी त्त. उरलेलं खाली दुमडून शिवलं होतं. सोजरबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बांगड्या भरताना चाळीस वर्षं पाहिलेल्या त्या रेघा कुठल्याही अंगानं ओळखू आल्या असत्या. त्यांनी बोट लावून पाहिलं.

आरसा बराच वेळ खाली आला नाही.

“द,” राजनंदिनी हळूच म्हणाली.

“द.” बोथट होता, पण होता.

“त.”

“त.”

“आता जोडून. दत्त.”

“दत्त.” देवाचंच नाव. ते घ्यायला हरकत नव्हती.

“मस्त! आता फक्त शेवट राहिला, तो ओठांचा आहे, सोपा. म्हणा, दत्तोबा.”

सोजरबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की पोरगी ओशाळली. उभ्या जन्मात घेतलं नाही, ते नाव आता हिच्यासाठी घ्यायचं? त्यांनी पदर तोंडावर ओढला आणि स्टुलाकडे वळल्या.

“आवं.”

शब्द लख्ख आला. मांडीवरची टोपी खाली पडली, ती उचलायचंही भान राहिलं नाही.

दीड महिन्यानंतर दत्तोबांनी ओ दिली.