प्रवाळाच्या टाकीवरचा दिवा

मित्रांनो, जुना म्हणावं इतकं काही माझं वय झालेलं नाही. अवघा तीन वर्षांचा आहे मी. पण जो माळ्यावर गेला तो जुना, अशी माणसांची रीतच आहे. तेव्हा जुना तर जुना. वर्तमानपत्रात गुंडाळून मला आकाशकंदिलाच्या खोक्याशेजारी ठेवलं आहे. तो निदान दिवाळीला खाली उतरतो.

मी एलईडी दिवा. चार हात लांब पट्टी आणि तिच्या पोटात बारीक बारीक दिवे, निम्मे निळे, निम्मे पांढरे. माझ्या कारखान्यातले बाकीचे दिवे दुकानांच्या पाट्यांवर गेले, रस्त्यांच्या खांबांवर गेले. माझ्या नशिबी समुद्र आला. तोही पुण्यात!

पुण्याच्या कडेला मांजरी गावात शेतं जाऊन इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्या एकीत हिंदुराव राहतात. मार्केट यार्डात त्यांचा कांद्याचा गाळा. पोत्यात हातही न घालता, वरवर पाहून ‘खाली ओला माल हाय’ असं सांगायचे आणि पोतं ओतलं की तसंच निघायचं. शेतकरी आणि व्यापारी दोघंही त्यांच्या नजरेवर विसंबून असत. अशा माणसाला नाद लागला होता प्रवाळाचा. दिवाणखान्यात सहा फुटी काचेची टाकी, तिच्यात खारं पाणी आणि पाण्यात जांभळं प्रवाळ. ते झाडासारखं दिसलं तरी जीवच असतो बरं का, आणि तो बराचसा उजेडावर जगतो. अंगठ्याएवढा तुकडा आणून हिंदुरावांनी नऊ वर्षांत तो सुपाएवढा केला होता.

टाकीवरच्या ट्यूबलाइट जुन्या झाल्या, तेव्हा त्यांच्या लेकीनं, उत्कर्षानं, मला आणलं. बसवायला अभिनव आला. टाक्यांची देखभाल हाच त्याचा धंदा. छताला हूक मारून त्यानं मला तारांनी टांगलं, पाण्यापासून हातभर वर, दोन्ही टोकं अगदी समतल. मग भिंतीवरचं बटण तिसाच्या आकड्यावर आणून तो म्हणाला, “काका, प्रवाळाला नवा उजेड एकदम सोसत नाही. दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं वाढवायचं. पण साठच्या पुढे कधीच जायचं नाही.”

“न्हाई जात,” हिंदुराव म्हणाले आणि साठावर त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारली.

काय दिवस होते ते! प्रवाळ फुललं, केशरी मासे त्यात लपाछपी खेळू लागले. येईल तो पाहुणा आधी टाकीपुढे उभा राहायचा. हिंदुरावांची बायको कुसुमताई तेवढी म्हणायची, “माशांच्या घरी रोजची दिवाळी आणि आमच्या देवघरात झिरोचा बल्ब!” पण पाहुण्यांना हात धरून टाकीपाशी आणायची तीच.

वर्ष-दीड वर्ष असं गेलं. मग एका दुपारी यार्डातून येऊन हिंदुराव माझ्याखाली बसले आणि म्हणाले, “उत्कर्षा, उजेड कमी झालाय गं.”

उत्कर्षाचं ऑफिसचं काम घरूनच चालायचं. कानातला हेडफोन न काढता ती म्हणाली, “अण्णा, सेटिंग सेम आहे. मी कॉलवर आहे, प्लीज.”

मित्रांनो, शपथेवर सांगतो, मी तसूभरही मंदावलो नव्हतो. पण हिंदुरावांनी उठून बटण रेघेपुढे नेलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच वाक्य आणि बटण आणखी पुढे.

मी वर टांगलेला, त्यामुळे मला सगळं दिसायचं. रोजचं स्टूल त्यांच्या पायाला लागायचं. माशांचं खाणं पाण्यात पडण्याऐवजी काचेबाहेर पडायचं. एकदा तर ते परडीतले कांदे घेऊन माझ्याखाली बसले. डोळे मिटले आणि एकेक कांदा बोटांनी चाचपून निवडू लागले. कुसुमताई आतून आली. “अहो, यार्डात पोट भरलं नाही वाटतं कांद्यानं?” ती हसली, तेही हसले. मला मात्र उलगडा झाला. ज्याच्या नजरेवर गाळा चालतो, त्याची नजर अधू झाली हे यार्डात कळलं तर दुसऱ्या दिवशी कोण येणार? म्हणून ते कुणालाच सांगत नव्हते, बहुतेक स्वतःलाही नाही.

पुढे उत्कर्षा कामासाठी महिनाभर बंगळूरला गेली आणि हिंदुरावांनी बटण शंभरावर नेलं. ज्या जिवाला पोसायला मला आणलं, त्यालाच मी भाजू लागलो. स्वतःला विझवणं काही दिव्याच्या हातात नसतं. प्रवाळ आधी फिकटलं, मग चुन्यासारखं पांढरं पडलं. आणि हिंदुराव काचेला नाक लावून म्हणाले, “कुसुम, बघ आता कसं उजळलंय!”

“मला मेलीला काय कळतंय त्यातलं,” ती म्हणाली.

उत्कर्षा परतली ती टाकीपुढे पिशवी टाकून उभीच राहिली. तिनं लगेच अभिनवला बोलावलं. त्यानं बटण पाहिलं आणि डोक्याला हात लावला. “काका, शंभरावर कुणी नेलं हे?”

“दिवाच फुसका निघाला,” हिंदुराव चिडून म्हणाले. “उजेडच देत न्हवता.”

“अण्णा, इथे उभं राहिलं तरी डोळे दिपतायत!” उत्कर्षा ओरडली. मग ती त्यांच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, “अण्णा, प्रवाळाचा रंग कोणता दिसतोय तुम्हाला?”

“कोणता म्हणजे? जांभळा. कायम जांभळंच हाय की ते.”

कुसुमताईनं त्यांचा हात धरला. उत्कर्षानं त्याच संध्याकाळी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधानं टिकवायची. थोडं आधी यायला हवं होतं, असंही ते म्हणाले. उत्कर्षा हे आईला सांगताना रडत होती. प्रवाळ काही वाचलं नाही. मासे अभिनव घेऊन गेला, टाकी रिकामी झाली आणि मी माळ्यावर आलो. हिंदुराव आता गाळ्यावर जात नाहीत.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. माझी एकच विनवणी आहे. तुमच्या घरात कुणी म्हणालं की उजेड कमी झालाय, तर बटणाकडे नंतर जा. आधी हातातलं काम ठेवून त्या माणसासमोर बसा आणि त्याला काय काय दिसतंय ते विचारा. हिंदुराव ते वाक्य चार महिने म्हणत होते. ते समजलं फक्त मला, आणि मला तोंड नव्हतं.