दूध आणायला

भिजवलेला बदाम अंगठ्यानं जरासा दाबला की आतला पांढरा गर टुणकन बाहेर उडतो, आणि साल तेवढं बोटाला चिकटून राहतं... ओलं, सुरकुतलेलं, आत काहीच नसलेलं. गर केव्हाच वाटीत पडलेला असायचा, तरी बलजिंदर प्रत्येक साल चिमटीत धरून बघत होती. बदाम वाटून दुधात घालायचे, बाळंतिणीसाठी. धाकटी जाऊ नवरूप तीन वाजता हॉस्पिटलमधून घरी येणार होती, मुलीला घेऊन.

मुलीला घेऊन... सकाळपासून सासूबाई, बीजी, फोनवर हे किती सहज सांगत होत्या!

"हो हो, गुडिया झाली. अगदी बापाचं, अमनचं नाक! लाडू? वाटणार की, लाडूच वाटणार. मुलीला बर्फी न् मुलाला लाडू, ते दिवस गेले, भैनजी. आमच्या घरात असला फरक नाही."

फरक नाही. बलजिंदरनं बदाम जरा जोरातच दाबला. तो वाटीबाहेर उडाला, ओट्याखाली गेला.

फोन ठेवून बीजी स्वयंपाकघरात आल्या. गुडघ्यांवर हात ठेवून खुर्चीत बसल्या. "बल्ली पुत्तर, तेवढी दारावर पानं बांधून टाक. शिरिषाची. आपल्या फतेहच्या वेळी बांधली होती तशी."

"मुलीला, बीजी?"

"मग काय झालं? येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे. आणि पंजिरीत डिंक कमी घाल, त्या पोरीला चावायला कंटाळा येतो. दात दुसऱ्यांचे साफ करते, स्वतःचे वापरत नाही!" बीजी आपल्याच विनोदावर हसल्या. बलजिंदरही हसली, चांगली दात दिसतील इतकी, कारण न हसण्याला काहीतरी कारण द्यावं लागलं असतं.

कॅनडातल्या या सरेमध्ये शिरीष नाही. सहा वर्षांपूर्वी, फतेह झाला तेव्हा, बीजींनी शेजारच्या मेरीबाईंच्या कुंपणालगतच्या एका झाडाची पानं आणवली होती. तशीच बारीक, देठाच्या दोन्ही बाजूंनी समोरासमोर लागलेली. गुरुद्वारातल्या बायका दाराशी थबकून म्हणाल्या होत्या, बीजी, हा शिरीष नव्हे. आणि बीजी ठासून म्हणाल्या होत्या, कॅनडाचा शिरीष असाच असतो! पुढे हिवाळ्याआधी त्या झाडाला लालभडक फळांचे घोस लागले, पण कुणी काही बोललं नाही. नातू झाला होता. झाडानंसुद्धा ऐकून घेतलं.

माझ्या सहजच्या वेळी मात्र...

"मम्मी, माझ्या वेळी बांधली होती पानं?"

सहज अकरा वर्षांची होती. आज शाळेला सुट्टी होती म्हणून पानं तोडायला आईबरोबर आली होती. डहाळी खाली ओढून धरताना तिनं हे विचारलं, सहजच, नावासारखं.

"तू जानेवारीतली. झाडांवर पान नव्हतं तेव्हा."

हे खरंच होतं. खरं किती उपयोगी पडतं!

"मग आता बांध ना. एक माझी."

कुंपणापलीकडून मेरीबाईंनी हात हलवला. बलजिंदरनंही हलवला. हातात डहाळ्या होत्या, पानं सळसळली.

दूध आणायला, असं म्हणायचे. सरेतलं कुठलंही घर अमेरिकेची सीमा ओलांडून दूध आणायला जातं, तिकडे स्वस्त मिळतं म्हणून. नाक्यावरच्या माणसानं खिडकीतून वाकून विचारलं होतं, कशासाठी चाललात? आणि माझा नवरा, सुखराज, म्हणाला होता, दूध आणायला. मागच्या सीटवर मी. पोटात बारा आठवडे. मुलगा की मुलगी, ते पलीकडच्या दवाखान्यात बाराव्या आठवड्यातच सांगतात, इकडे कॅनडात इतक्या लवकर कुणी सांगत नाही. येताना सुखराजनं खरोखरच दुधाचे दोन मोठे कॅन घेतले — खोटं बोललो असं व्हायला नको, इतका सरळ माणूस! घरी आल्यावर बीजींनी तोंडाकडे पाहिलं, फक्त पाहिलं, आणि कॅन उचलून आत नेले. त्या रात्री सगळ्या दुधाला विरजण लावलं. आठवडाभर घरात दहीच दही होतं. आठवडा संपता संपता इकडच्या दवाखान्यात नर्सनं मला एकटीला आत घेऊन, दार लावून विचारलं, तुझ्यावर कुणी जबरदस्ती करत नाही ना? मी नाही म्हणाले. कुणी एक शब्दसुद्धा बोललं नव्हतं. काय सांगणार होते? की दही लावलं म्हणून?

पुढच्या वर्षी पुन्हा दूध आणायला गेलो. तेव्हा फतेह होता.

आणि नवरूप? ती इथंच जन्मलेली. सातव्या महिन्यात सोफ्यावर पाय पसरून, बीजींच्या देखत, तोंडात चिप्स कोंबत म्हणाली होती, "मुलगी आहे बरं का, बीजी. मला मुलगीच हवी होती." बस्स, एवढंच. छत कोसळलं नाही. बीजी म्हणाल्या, "वाहेगुरूची इच्छा. आधी ते पाय खाली घे." इतकं सोपं होतं? इतकं सोपं असतं? मग मला कुणी सांगितलं का नाही? की मी म्हटलं असतं, तर माझ्याही वेळी बीजी नुसतं पाय खाली घे एवढंच म्हणाल्या असत्या?... हा विचार बलजिंदरला सगळ्यात जास्त झोंबायचा, गरम तव्याला हात लागावा तसा. नवरूपच्या गोऱ्या कातडीचा, पगाराचा, गाडी चालवण्याचा हेवा तिनं कधी केला नव्हता. तिच्या त्या एका वाक्याचा केला. आणि आता तिच्या लाडवांचा, पानांचा, तीन दिवसांच्या त्या चिमुकलीचा, जिला अजून नावही नव्हतं.

दारावर दोरी बांधताना हातात तीन डहाळ्या होत्या. दोन पुरल्या असत्या. सहज केव्हाच आत गेली होती, टीव्हीचा आवाज येत होता. बलजिंदरनं तिसरी बांधली, जरा सैल, जणू वाऱ्यानं पडली तर पडू दे.

तीन वाजता गाडी आली. बीजींनी उंबऱ्यावर तेल ओतलं, ओवाळलं, रडल्यासुद्धा. नवरूप सुजलेल्या तोंडानं हसत आत आली आणि काही न विचारता गाठोडं बलजिंदरच्या हातात दिलं. "घे दीदी, धर हिला. मला आधी बाथरूम!"

इतकी हलकी. इतकी गरम. कपाळावर एक निळसर शीर... तिच्या टाळूचा वास घेताना बलजिंदरच्या छातीत सहा वर्षांचं दूध कुठूनसं दाटून आल्यासारखं झालं. हिला घेऊन मागच्या दारानं निघून जावं. नाहीतर कुणाच्या तरी हातात देऊन टाकावं, ताबडतोब.

बाथरूममधून नवरूप ओरडली, "दीदी, बदाम कशात वाटणार तू? फ्रिजमध्ये एक थेंब नाही म्हणाल्या बीजी. अमनला पाठवलंय. दूध आणायला गेलाय तो!"

कोपऱ्यावरच्या दुकानात. पाच मिनिटांत येईल. तिच्यासाठी ते शब्द नुसते दूध आणायला होते, पांढरे, स्वच्छ. बलजिंदरनं मान वर केली. बीजी तिच्याकडेच बघत होत्या. मग त्यांनी नजर काढून घेतली आणि दाराकडे गेल्या.

उघड्या दारात उभ्या राहून त्यांनी दोरीकडे बोट केलं. "ही गुडियाची."

"एक सहजची, बीजी. तिनं मागितली."

"बरं केलंस." बोट तिसरीपाशी आलं. थांबलं.

पानं उरली होती, असं सांगायचं बलजिंदरनं ठरवून ठेवलं होतं. पण बीजींनी विचारलंच नाही. त्या टाचा उंचावून उभ्या राहिल्या, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, आणि दोन्ही हात वर करून त्यांनी तिसरीची सैल गाठ सोडली. आता काढणार... पण नाही. त्यांनी ती पुन्हा बांधली, घट्ट, दोनदा पीळ देऊन. आणि हात तसाच पानांवर राहिला, एखाद्या डोक्यावर ठेवावा तसा.

बलजिंदरच्या हातातली चिमुकली कुरकुरली. तिनं तिला छातीशी धरलं, जरा जास्तच घट्ट. सात वर्षं तिला वाटत होतं की कुणीतरी, एकदा तरी, त्या तिसरीला मोजावं. आणि आता त्या म्हाताऱ्या बोटांखाली ती पानं हलत असताना आतून एकच गोष्ट वर येत होती, दाबून ठेवता न येणारी... काढा तो हात, बीजी. ती माझी आहे. माझी एकटीची.