चौथा तुकडा

बारक्याची गाडी ऑफिसातल्या पडद्यावर दिसली आणि ताई ताडकन उठलीच. सख्खा धाकटा भाऊ तिचा, औषधांची गाडी घेऊन दरीतल्या रस्त्याला लागला होता. पुढचा पूल तासाभरापूर्वी खचलेला. दरीत फोन लागत नाही, म्हणून तर रस्त्याकडेला पेट्या बसवलेल्या. गाडी जवळून गेली की पेटी तिच्यात नकाशे, गाणी, धोक्याचे इशारे उतरवते, आणि टप्प्यात असेपर्यंत तिचा वेग ऑफिसला कळवते.

आणि त्या पेट्या सांभाळणारी शहाणी कोण? तर हीच बाई! मागच्याच महिन्यात तिने नवी पद्धत लावली होती. फाइलचे चार तुकडे करून पेटीने प्रत्येक गाडीला वेगवेगळे तीनच द्यायचे, राहिलेला चौथा गाड्यांनी एकमेकींकडून घ्यायचा; चारही जुळल्याशिवाय फाइल उघडत नाही. शहराच्या गर्दीत डाउनलोड दुप्पट वेगाने व्हायला लागलं, साहेबांनी पाठ थोपटली, बाई हवेत. रिकाम्या रस्त्याचा विचार करतंय कोण!

"काका, पुलाच्या इशाऱ्याचे त्याला तीनच तुकडे मिळालेत. चौथा कुठून येणार?" शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या तंत्रज्ञाला तिने विचारलं.

"समोरून येणाऱ्या गाडीकडून."

"पूलच नाही तर समोरून येणार कोण, माझं कपाळ?"

पुलाआधीची शेवटची पेटी दोन मिनिटांवर होती. घाईत तिचा पासवर्ड दोनदा चुकला. पद्धत बंद करूनही फायदा नव्हता. फोटो, नकाशा, आवाज असलेला तो अवाढव्य इशारा ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या गाडीत अख्खा उतरलाच नसता.

"फेकून दे ते सगळं, एक ओळ लिही!" काका ओरडले.

तिने लिहिलं: पूल पडलाय, थांब. एवढीशी फाइल, तुकडे करायची गरजच नाही.

गाडी पेटीजवळ आली. 'पोचलं' असं पडद्यावर उमटलं. वेग मात्र ऐंशीच. मेला गाणी ऐकत असेल!

"अरे थांब ना रे बारक्या, पाया पडते तुझ्या," ती पडद्याला हात जोडून म्हणाली.

साठ. तीस. शून्य.

ताई ढसाढसा रडली. काकांनी तिला पाणी दिलं, पण तिच्याकडे बघितलं नाही.

"पोरी, या तासाभरात तीन तुकड्यांवरच पुढे गेलेल्या गाड्या किती, ते बघायला हवं."

भावाच्या काळजीत तिला ते सुचलंच नव्हतं. यादी उघडायला हात धजेना. शेवटी उघडली. एकच गाडी होती. वीस मिनिटांपूर्वी शेवटच्या पेटीवरून गेलेली, आत आठ माणसं, आणि त्यानंतर तिची ना पुलाच्या अलीकडे नोंद होती, ना पलीकडे.