शेवटची दाढ आणि सरकारी बस

वर दातांचा दवाखाना आणि खाली केशकर्तनालय असल्यामुळे त्या जिन्यावर राजकारण फार शिस्तीत चालत आलं होतं. न्हावी दात दाखवायला वर यायचा, त्याच्या तोंडात आरसा, कापूस आणि नळी असायची. तेव्हा डॉक्टर बोलायचे. डॉक्टर दाढीला खाली जायचे, त्यांच्या गळ्यावर वस्तरा असायचा. तेव्हा न्हावी बोलायचा. एकमेकांचं इतकं शांतपणे ऐकून घेणारे विरोधक लोकशाहीत दुसरीकडे कुठे सापडले नसते.

दोघांचीही मतं एकाच बसने आणली होती. परीक्षेच्या दिवशी डॉक्टरांची सरकारी बस आलीच नाही. सरकारने कसलाही धंदा करू नये, हे त्यांनी त्याच थांब्यावर ठरवून टाकलं. ती बस चालवायचे न्हाव्याचे वडील. तेव्हा सगळं सरकारनेच चालवावं, हे न्हाव्याला बाळकडूच मिळालेलं.

आज न्हावी शेवटची दाढ काढायला आला होता. पुढे कवळी. आणि कवळी दुरुस्तीला एकटी आली तरी चालते. म्हणजे त्याला पटवायची ही डॉक्टरांची शेवटची संधी. त्यांनी जबडा बधिर केला, कापूस कोंबला आणि खाजगी बस कशी वेळेवर सुटते ते सुरू केलं. चिमटा हातातच राहिला. न्हाव्याने हात वर केला.

"दुखतंय?"

न्हाव्याने कापूस काढला. "डॉक्टर, घसा कशाला कोरडा करताय? मी कधीपासून तुमच्याच पार्टीला मत देतोय." अर्धा ओठ झोपलेला, पण शब्द कळत होते. "दुकानाच्या परवान्यासाठी खेटे घातले ना, तेव्हा तुमचं सगळं आठवलं."

डॉक्टर स्टुलावर बसले. "मग माझ्या गळ्यावर वस्तरा ठेवून ते भाषण का ठोकतोस?"

"तुम्ही डोळे मिटून इतकं मन लावून ऐकता. तुमचं मन मोडवत नाही हो."

"अरे, ऐकूनच तर मी तुझ्या बाजूला गेलो! तुझा बाप पेन्शनवर मजेत जगतोय म्हणालास, त्या दिवशी. मला कुठली पेन्शन?"

"मग आत्ता काय चाललं होतं?"

"तुझं तोंड उघडं होतं. सवय, दुसरं काय!"

काउंटर सांभाळणाऱ्या डॉक्टरांच्या बायकोने दारातून डोकं आत घातलं. "पक्षांतरं आटोपली असतील तर बाहेर पेशंट गाल धरून बसलेत."

"वहिनी, तुम्ही कुठल्या बाजूच्या?"

"इथे मला कोणी बोलू दिलं तर सांगेन," म्हणून त्या गेल्या.

मग डॉक्टरांनी दाढ बोटाने हलवून पाहिली. चांगलीच हलली.

"राहू दे. चालेल अजून."

"अहो, हलतेय की!"

"हलू दे. आपण काय कमी हललो?"

"आणि इंजेक्शन? वाया गेलं ना!"

"वाया कसं? अजून तासभर तुला धड बोलता येणार नाही." डॉक्टरांनी नवा कापूस घेतला. "आ कर. बस सरकारनेच का चालवावी, ते सांगतो."