चौऱ्याऐंशी भागिले सात

आम्ही दोघी जावा भुईमूग उपटत होतो. ऊन असं, की मातीचे चटके बसत होते. तेवढ्यात पोस्टमननं बांधावरून हाक दिली. शाळांचा निकाल लागला, आपली शाळा परत शेवटून पहिली, आणि धाकटी परत टीव्हीवर. धाकटीनं मान वर केली नाही. वेल झटकून शेंगांची माती पाडली आणि पुढच्या सरीला लागली.

अकरा वर्षं दर निकालाला तिचं तेच जुनं चित्र दाखवतात. धाकटीचं माहेर गावातलंच. ती इथल्या शाळेत पाचवीत असताना चॅनेलवाले वर्गात आले होते. तिला फळ्यापाशी उभी करून चौऱ्याऐंशी भागिले सात विचारलं. तिनं जरा विचार केला आणि बारा सांगितलं. त्यांनी विचार करतानाची गप्प पोर तेवढी ठेवली, बारा कापून टाकलं. खाली लाल अक्षरं: पाचवीच्या मुलीला भागाकार येईना. चौकशी लागली. गुरुजींची लांब बदली झाली, आणि वर्षाच्या आत ते तिकडंच वारले. गाव सोडताना तिला एका शब्दानं रागावले नव्हते. तेच तिला आतून खातं.

या खेपेला दुपारी बातमीदारीण थेट शेतात आली. वयानं धाकटीएवढीच, बोलायला गोड. शाळेबद्दल काय वाटतं, म्हणाली. धाकटी कमरेवर हात देऊन सरळ झाली.

"तेव्हा मी बारा सांगितलं होतं," ती म्हणाली. "गुरुजी चांगलं शिकवायचे. आणि यंदा परीक्षेदिवशी निम्मी पोरं काढणीला होती, तेही सांगा."

वाऱ्यानं ऐकू येत नाही म्हणून तिच्याकडून ते तीनदा वदवून घेतलं. मग नुसतं उभं राहायला सांगितलं. राहिली.

संध्याकाळी घरचे सगळे टीव्हीपुढं बसलो. आधी जुनं चित्र लागलं. मग घाम पुसत गप्प उभी असलेली धाकटी, आणि खाली अक्षरं: अकरा वर्षांनीही उत्तर नाही. संपलं.

सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. मी बंद करायला उठले, तर धाकटीनं माझा हात धरला.

"राहू द्या ताई. परत लावतील."

"कशाला गं तेच तेच बघायचं?"

"त्यात गुरुजी आहेत. फळ्याच्या कडेला. दुसरीकडं कुठं दिसत नाहीत आता."

बातमी परत लागली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्या कडेला बघितलं. खडूनं माखलेले हात पोटाशी धरून म्हातारा उभा होता. पोरीकडं बघत, उत्तर येणारच अशा खात्रीनं हसत होता.