दोन खिडक्यांमधली घंटी

मी एक जुनी पितळी घंटी आहे, डोक्यावर थाप मारली की वाजणारी. मित्रांनो, ओहायोतल्या एका कॉलेजच्या कचेरीत मी जन्मभर मार खाल्ला. माझ्या डावीकडे फीची खिडकी, उजवीकडे कर्जाची. दोन्हींमागे बाई एकच, डोरीन. म्हणून तिला चाकांची खुर्ची दिली होती. मी नवी होते तेव्हा "काय गोड वाजते!" असं तीच म्हणायची. पुढे माझ्या आवाजाने तिचं डोकं उठू लागलं.

त्या वर्षी ओडेसा प्रुइट नर्सिंगला लागली. तिची आई व्हर्ना खाणावळीत वाढायला होती. कर्ज मंजूर झालं होतं. फक्त नियम असा, की फी वर्ग सुरू होण्याआधी भरायची आणि नव्या मुलांना कर्ज मिळायचं वर्ग सुरू होऊन महिना उलटल्यावर.

एके सकाळी व्हर्नाने मला हाणलं. "पोरीचं नाव काढलंत?"

"फी आली नाही ना गं."

"कर्ज तुम्हीच मंजूर केलंय. त्यातून कापा!"

"ते त्या खिडकीचं काम." डोरीन खुर्चीसकट उजवीकडे घरंगळली. "हं, बोल."

"कर्ज कधी देता?"

"मुलगी वर्गात बसतेय असं दिसलं की."

"अगं, तूच काढलंस ना तिला!"

"त्या खिडकीने काढलं. आता वर्गात नाव नाही, म्हणजे कर्जही रद्द. चूक कुठेच नाही, बघ."

"उद्या ये न्याहारीला, डोरीन. पैसे आधी घेते, अंडी महिन्याने वाढते!"

आणि तिने माझ्यावर अशी मूठ आपटली, की माझी कळ आतच रुतली. दुपारपर्यंत नवी घंटी आली. तिचे पैसे मात्र त्याच दिवशी मंजूर आणि त्याच दिवशी चुकते!

संध्याकाळी कामावरून परतताना व्हर्नानेच मला कचेरीबाहेरच्या कचऱ्यातून उचललं. थेंबभर तेलाने माझी कळ मोकळी झाली. कचेरीत एवढंही कुणाला सुचलं नव्हतं.

मित्रांनो, उद्या तुम्ही अशा खुर्चीत बसाल. माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. कर्जाची तारीख तेवढी फीच्या आधी ओढा. एवढं होत नसेल, तर खुर्चीची चाकं काढा आणि त्या पोरांच्या डोळ्यांत बघून "नाही" म्हणा.

आता मी खाणावळीच्या स्वयंपाकघरापाशी असते. ताटली तयार झाली की आचारी मला वाजवतो आणि ओडेसा हातातलं टाकून धावत येते. आजाऱ्यांच्या घंटेला धावायचं होतं तिला. इथे अंडी गार होऊ देत नाही.