बिनआवाजाची गाडी

गाडी दारात येऊन उभी राहिली तरी सत्यवतीला पत्ता नव्हता. ती ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसली होती आणि सुके बोंबील निवडत होती. अल्पेशने खिडकीतून डोकं काढून हाक मारली, "आत्या, मागं बघ!" तशी ती दचकली आणि हातातला बोंबील तिने सरळ त्याच्या तोंडावर फेकला.

"मुडद्या, चोरासारखा काय येतंस!"

"चोरासारखा न्हाय, बॅटरीवर आलोय. ही अशीच येनार. आवाज न्हाय, धूर न्हाय."

सत्यवतीने गाडीभोवती एक फेरी मारली. छोटा इलेक्ट्रिक ट्रक, त्यातलंही सगळ्यात खालचं मॉडेल. कोऱ्या कागदासारखा पांढरा. आत रेडिओ नाही, एसी नाही, काच खाली करायला हाताने फिरवायचं हँडल. पुढे दोन सीट, मागे उघडा हौदा. एवढाच सगळा संसार.

"ह्यात तर काहीच न्हाय," ती म्हणाली.

"म्हणूनच घेतला ना आये," दुसऱ्या सीटवरून उतरत जागृती म्हणाली. "आपल्याला हवं ते आपण बसवायचं."

जागृती सत्यवतीची एकुलती एक मुलगी, मीरा रोडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. तिचे वडील, रामनाथ, गेल्या दिवाळीच्या आधी गेले. त्यांची होडी जागृतीच्या चुलत्यांकडे गेली. सत्यवतीने महिनाभर मासळीची पाटी उचलली नाही आणि मग एक दिवस उठून तिने ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं. डोक्यावर पाटी घेऊन रिक्षावाल्यांच्या विनवण्या करण्यात जन्म गेला, आता आपली मासळी आपल्या गाडीतून न्यायची, असं तिने जाहीर केलं. भाईंदर गावातल्या बायका हसल्या. सत्यवती लायसन्स घेऊन आली तेव्हा त्यांनीच पेढे खाल्ले.

गाडी सजवायचं काम अर्थातच अल्पेशकडे आलं. अल्पेश सत्यवतीच्या भावाचा मुलगा. नवघरला त्याची शेड होती, तिथे तो टेम्पोच्या बॉड्या बांधायचा. पण हात सगळा होड्यांवर बसलेला. त्यामुळे त्याने पहिल्याच दिवशी ड्रिल मशीन काढलं आणि हौद्याच्या बरोबर मध्यावर खडूने गोल काढला.

"हे काय?" जागृतीने विचारलं.

"बूच. बर्फाचं पानी जायला नको? होडीला तळाशी बूच असतं ना."

"अल्पेश, खाली बॅटरी आहे."

"कुठं?"

"तू गोल काढलायस तिथेच." तिच्या हातात गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक होतं. "इथे चित्र दिलंय. भोक पाडू नका, असंही लिहिलंय."

अल्पेशने ड्रिल खाली ठेवलं. "तू हे अख्खं वाचलंस?"

"हो."

"गाडीचं पुस्तक? आत्या, हिला गाडीत बसवू नको गं, टायरवरचं पन वाचत बसेल."

शेवटी पाण्याला मागच्या बाजूने पाइप काढला आणि त्याखाली बादली टांगायला आकडा बसवला.

मग सीट. सत्यवतीची उंची अशी, की पाय ब्रेकला टेकवावेत तर डोळे डॅशबोर्डच्या रेषेत, आणि डोळे वर काढावेत तर पाय हवेत. अल्पेशने खाली जाड उशी आणि पाठीला लाकडी फळी दिली. सत्यवती बसली, उतरली, पुन्हा बसली. "अजून दोन बोटं." त्याने दोन बोटं वाढवली. "आता जास्त झालं, टपाला डोकं लागतंय." असं करता करता दुपार गेली. चौथ्या वेळी ती बसली आणि उतरलीच नाही, तेव्हा अल्पेशने हात जोडले.

खरी जुंपली ती मागच्या बाजूला. अल्पेशने हौद्याला स्टीलचा ओटा केला होता, कमरेइतका उंच, मॉलमध्ये असतो तसा. त्यामागे उभं राहून मासळी कापायची.

"मी उभ्यानं मासली कापनार?" सत्यवती म्हणाली. "मी काय शाळेत मास्तरीन हाय?"

"आत्या, सगळे उभ्यानंच कापतात आता."

"सगल्यांची तंगडी मजबूत असतील. कोयत्याची फली पायाखाली दाबल्याबिगर मना कापताच येत न्हाय. काढ ते."

ओटा काढला. त्या जागी हौद्यात एक रुंद पाट ठोकला आणि बाजूचा फाळका साखळीने आडवा सोडला, म्हणजे त्यावर मासळी मांडता येईल. सत्यवती आत पाटावर बसली, विळीसारख्या कोयत्याची फळी पायाखाली घेतली आणि समोर उभ्या असलेल्या जागृतीकडे बघून तिला हसूच फुटलं. दोघींची तोंडं बरोबर समोरासमोर होती.

"काय झालं?"

"अगं, सारा जन्म मी खाली बसलीय न् गिऱ्हाइकं वरून बघतायत. वरून बघनाऱ्या बाईला भाव पाडायला जोर येतो. आता डोल्याला डोला. बघते कोन पाडते भाव."

जागृतीही हसली. खूप दिवसांनी आईबरोबर हसताना तिला आपण बाबांना विसरलोय असं वाटलं नाही.

नावाची गोष्ट मात्र तिने आईला विचारली नाही. गाडीचं काम होत आलं होतं. अल्पेश दरवर्षी नारळी पौर्णिमेआधी होड्यांवर नावं रंगवायचा. लाल अक्षर, पिवळी सावली. तिने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, केबिनच्या वर, काचेवर सावली करणारी पट्टी आहे ना, तिथे बाबांचं नाव काढ. नुसतं नाव. बाकी काही नको.

हे तिला का हवं होतं, ते तिने अल्पेशलाही सांगितलं नाही. सांगण्यासारखं थोडंच होतं. बाबांना ती बाबा म्हणायची, त्यामुळे त्यांचं नाव तोंडाने घ्यायची वेळ आयुष्यात फार आली नव्हती. ती आली गेल्या काही महिन्यांत. महापालिकेत, बँकेत, वीज कंपनीत. काचेपलीकडचा माणूस मान वर न करता विचारायचा, "मयताचं नाव?" आणि ती सांगायची. प्रत्येक खिडकीवर एकदा. त्या नावाने पुन्हा रस्त्यावर यावं, उन्हात फिरावं, एवढंच तिच्या मनात होतं.

सत्यवतीने नाव पाहिलं आणि हातातली चावी अल्पेशला परत दिली.

"पुसा ते."

"आये, का?"

"का म्हणजे? लोक विचारतील, कुनाची गाडी. मी काय सांगू? लग्न झाल्यापासून त्यांना कधी नावानं हाक न्हाय मारली. आता बिल्डिंगच्या वाचमनला नाव सांगत फिरू? आधी पुसा, मग मी बसते."

जागृतीने वाद घातला नाही. ती एवढंच म्हणाली, "रंग ओला आहे, आता पुसला तर सगळीकडे पसरेल. रविवारचा पहिला धंदा होऊ दे. संध्याकाळी पुसू."

सत्यवतीने तिच्याकडे नीट पाहिलं. "रविवारी संध्याकाली," ती म्हणाली आणि चावी घेतली.

रविवारी सकाळी नारळ फुटला, पुढच्या बंपरला झेंडूची माळ बांधली, जशी होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, बांधतात तशी, आणि गाडी मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातल्या एका मोठ्या सोसायटीच्या फाटकाशी आली. वॉचमन नीरजने हात आडवा केला.

"किसकी गाड़ी है?"

"मच्छी की," सत्यवती म्हणाली.

"नाम?"

तिने बोट वर केलं. "ऊपर लिखा है ना, पढ़ो."

नीरजने मागे सरकून वाचलं. "रामनाथ. ये रामनाथ किधर है?"

जागृती दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघू लागली. सत्यवतीने स्टिअरिंगवरची बोटं जरा हलवली.

"घर पे है," ती म्हणाली. "तू गेट खोल, मेरा बर्फ पिघल रहा है."

गाडी आत गेली. बागेच्या बाजूला लावली, फाळका सोडला, मासळी मांडली. सुरमई, सरंगे, कोळंबी, बोंबील. सत्यवती पाटावर बसली. आणि मग काहीच झालं नाही. वर सगळ्या खिडक्या बंद, एसी चालू. गाडी आल्याचं मांजरालासुद्धा कळलं नव्हतं. पाइपातून बादलीत पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज.

"हाक मारू का?" जागृतीने विचारलं. अल्पेशने टपावर एक भोंगा आणि आत वायरचा माइक बसवला होता.

"मार. तू शिकलेली, नीट बोलशील."

जागृतीने माइक घेतला, घसा साफ केला. "नमस्कार. सोसायटीतील रहिवाशांना कळवण्यात येते की ताजी मासळी घेऊन..." इथे तिला नाव घ्यायचं होतं. पट्टीवर होतं तेच. ते तिच्या जिभेपर्यंत आलं, पण काचेपलीकडचं "मयताचं नाव?" पुन्हा कानात आलं आणि ते तिथेच थांबलं. भोंग्यातून नुसती खरखर ऐकू येत राहिली. तिने माइक खाली घेतला. तिसऱ्या मजल्यावर एका बाईने खिडकी उघडून खाली बघितलं आणि पुन्हा लावून घेतली.

"राहू दे आये," जागृती म्हणाली. "संध्याकाळी अल्पेशला सांगू. नाव पुसून नुसतं 'ताजी मासळी' लिहू दे."

सत्यवतीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग फडक्याला हात पुसले आणि माइकसाठी हात पुढे केला.

"ह्यात कुठं बोलायचं? हितं?" तिने माइकवर दोनदा टकटक केलं. मग पदर सारखा केला, लग्नाच्या मांडवात उभी राहिल्यासारखी मान ताठ केली आणि भोंग्यातून तिचा खणखणीत आवाज सगळ्या इमारतींवर आदळला.

"बर्फाच्या पेटीत सुरमई न् सरंगा,
रामनाथचं नाव घेते, लावा बायांनो रांगा!"

फाटकाशी नीरज खुर्चीवरून उठून उभा राहिला. बागेतल्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी पुन्हा उघडली, मग तिच्या शेजारची, मग समोरच्या इमारतीतल्या चार-पाच एकदम.

"मावशी!" तिसऱ्या मजल्यावरून ती बाई ओरडली. ती सुचेता, दादरहून इकडे राहायला आलेली, सत्यवतीचं पाटीच्या वेळचं गिऱ्हाईक. "मगाशी ओळखलंच नाही! काय म्हणालात? परत म्हणा!"

"परत तेच कसं म्हननार? दुसरा घ्या!

ना धूर ना धडधड, गाडी आली दारात,
रामनाथचं नाव घेते, बोंबील न्या घरात!"

सुचेता पिशवी घेऊन खाली आली. तिने सरंगे उलटेपालटे केले आणि सवयीने मान खाली घालून बघायला गेली, तर समोर सत्यवतीचे डोळे.

"जरा कमी करा ना मावशी."

"काय?" सत्यवती तिच्याकडे बघत राहिली.

"काही नाही," सुचेता म्हणाली. "दोन द्या." मग आवाज हळू करून, "पण मावशी, काका गेल्यावर उखाणा... घेतात का?"

"मना घ्यायचा होता, मी घेतला. तुकडी करू का अख्खा ठेवू?"

तासाभरात गाडीभोवती उभं राहायला जागा उरली नाही. जागृती तोलत होती, सत्यवती कापत होती, आणि मधूनच कुणीतरी नवा उखाणा मागत होतं. जरा उसंत मिळाली तेव्हा जागृतीने विचारलं, "संध्याकाळी अल्पेशकडे जायचंय ना?"

"जायचंय तर. माइकला हूक नको? खाली ठेवला की खवलं लागतायत. आनि डाव्या बाजूला पायजे, उजव्या हातात मासली असते माझ्या."

"आणि नाव?"

"नावाचं काय? आता सगल्या बिल्डिंगला सांगून बसलीय मी. पुसून काय उपयोग?" तिने सुरमईचं डोकं एका फटक्यात वेगळं केलं. "त्याला सांग, मागच्या बाजूला पन काढ."

एवढ्यात पलीकडच्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावरून एक मुलगी ओरडली, "ओ, कुणाची गाडी आहे?"

सत्यवतीचे दोन्ही हात माशात होते. तिने मान वर केली नाही. जागृतीचे हात कोपरापर्यंत बर्फात. तिने तसंच तोंड वर केलं.

"रामनाथची!" ती ओरडली. "कोळंबी संपत आलीये, लवकर या!"